सॉफ्टवेअर फुकट आहे, माइक विकत घ्या : खरेदी समितीस खुले पत्र

प्रति,
मा. संस्थाचालक, प्राचार्य आणि खरेदी समितीचे सर्व सदस्य,
राज्यातील अनुदानित महाविद्यालये.

विषय : वर्गातील तासांच्या रेकॉर्डिंगसाठी होणारी खरेदी.

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे निधी संपवण्याची घाई सुरू होते. पीएम-उषा या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेचे पैसे आलेले असतात, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी तोंडावर असते, यूटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे निधी खर्च झाल्याचा दाखला ३१ मार्चच्या हिशेबाने जायचा असतो. नेमके तेव्हाच कोणीतरी 'लेक्चर कॅप्चर सिस्टिम'चे माहितीपत्रक घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलेले असते. भिंतीवर एक खोका, छताला मान फिरवणारा कॅमेरा आणि वर्षाला नूतनीकरण करायचा सॉफ्टवेअरचा परवाना. तीन कोटेशन येतात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, सगळ्यात कमी दराला मंजुरी मिळते. यात नियमाबाहेर काहीच नाही. पण त्या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो : हेच काम कॉलेजात आधीपासून धूळ खात पडलेल्या संगणकावर, फुकट सॉफ्टवेअरने होईल का?

होते. मी तालुक्याच्या गावात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझे तास ओबीएस स्टुडिओवर रेकॉर्ड करतो. हा प्रोग्राम ह्यू बेली नावाच्या माणसाने २०१२ साली लोकांपुढे आणला. पुढे जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. सुरुवातीला तो वापरला व्हिडिओ गेम खेळता खेळता स्वतःचा खेळ इतरांना थेट दाखवणाऱ्या पोरांनी. पडद्यावर चाललेला खेळ, कोपऱ्यात स्वतःचा चेहरा आणि वर आपली बडबड, एवढे सगळे एकाच व्हिडिओत बसवणे ही त्यांची गरज. खेळाच्या जागी स्लाइड ठेवा, मास्तरची गरज याहून वेगळी नाही. परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. व्हिडिओवर कंपनीचा शिक्का उमटत नाही, तीस दिवसांनी 'आता पैसे भरा' अशी खिडकी उघडत नाही, आणि किती संगणकांवर टाकला हे कोणी मोजत नाही.

'फुकट ते फुसके' ही आपली जुनी खात्री मला ठाऊक आहे, म्हणून प्रयोगशाळेतले एक उदाहरण सांगतो.

अकरावी-बारावीपासून बीएस्सीपर्यंत प्रत्येक बॅचला टायट्रेशन करावे लागते. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड, खाली शंकुपात्रात आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. सगळी गंमत शेवटच्या थेंबाला असते. रंगहीन द्रावण अगदी फिकट गुलाबी होते आणि तसेच राहते. तो गुलाबी रंग पहिल्या बाकावरच्या चारसहा मुलांना दिसतो, बाकीची मान हलवतात. ब्युरेटवरचे वाचन घेताना डोळा द्रावणाच्या वक्र पातळीच्या समोर आला पाहिजे हे आम्ही दरवर्षी घसा फोडून सांगतो, पण सांगून ते कळत नाही, दिसावे लागते. आता ओबीएसमध्ये मी एक 'सीन' केला आहे. मोठ्या चौकटीत मी आणि टेबल, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एका जुन्या अँड्रॉइड फोनमधून येणारे ब्युरेटचे जवळून दृश्य. एफ२ दाबले की कोपऱ्यातले दृश्य पूर्ण पडद्यावर येते, एफ१ दाबले की परत जाते. ही बटणे कोणत्या कामाला लावायची ते आपणच ठरवायचे. प्रोजेक्टर जोडलेला असेल तर तेच दृश्य वर्गालाही दिसते आणि त्याच वेळी रेकॉर्डही होते.

यात एक मेख आहे, ती कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. कॅमेऱ्याचा 'ऑटो व्हाइट बॅलन्स' चालू असेल तर तो आपल्या बुद्धीने रंग सुधारत बसतो. पांढऱ्या टाइलवर ठेवलेल्या शंकुपात्रातला फिकट गुलाबी रंग त्याला चूक वाटतो आणि कॅमेरा तो पुसून टाकतो. एंड पॉइंट गेला! व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते माप), दोन्ही हाताने पक्के करावे लागतात. फळ्याचेही तेच. पांढरा शर्ट घालून फळ्यासमोरून इकडून तिकडे गेलात की ऑटो एक्स्पोजर गोंधळतो आणि मागचा फळा उजळ-काळा होत राहतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे का ते बघायचे आणि ५० करायची, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. लाखाच्या कॅमेऱ्यालाही हे कळत नसेल तर चित्र असेच येणार, आणि कळणाऱ्या माणसाच्या हातात साधा वेबकॅमही पुरतो. तो माणूस कॉलेजात तयार करण्यावर खर्च व्हावा, हे माझे म्हणणे.

आता आवाजाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी इथेच जातात. कॅमेरा 'फोर-के' आहे का हे खरेदी समितीत आवर्जून विचारले जाते. माइक कुठला, हे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. विद्यार्थी मात्र धूसर चित्र सहन करतो, घुमणारा आवाज करत नाही. आपल्या वर्गखोल्या उंच छताच्या, सिमेंटच्या, चार पंख्यांच्या. पलीकडे व्हरांडा, त्यापलीकडे एसटी स्टँड. छताला टांगलेला माइक हे सगळे इमानेइतबारे टिपतो आणि शिक्षकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. यावर उपाय एकच, माइक तोंडाजवळ आणणे. शर्टाला लावायचा साधा वायरवाला कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो आणि तो त्या टांगलेल्या माइकला हरवतो.

तो घेताना पिन बघून घ्या. फोनसाठी बनवलेल्या माइकच्या पिनवर तीन काळ्या कड्या असतात. डेस्कटॉपच्या गुलाबी छिद्राला दोन कड्यांची पिन लागते. तीन कड्यांचा माइक सरळ त्यात खुपसला की आवाज येत नाही किंवा दबका येतो, आणि 'हे फुकटचे सॉफ्टवेअर चालत नाही' असा शेरा स्टाफरूममध्ये फिरू लागतो. मधे बसवायचा छोटा अडॅप्टर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो.

राहिलेला पंख्याचा आवाज ओबीएस स्वतः काढते. माइकच्या सोर्सवर 'नॉइज सप्रेशन' हा फिल्टर लावायचा आणि त्यात आरएननॉइज हा पर्याय निवडायचा. पंख्याची घरघर जाते. कधी कधी खडूचा टकटकाटही जातो, ती एक हळहळ माझ्यासारख्याला वाटते, विद्यार्थ्याला वाटत नसावी. आवाजाची पट्टी बोलताना हिरव्याच्या पुढे पिवळ्यात खेळत राहिली पाहिजे, लाल झाली तर माइकची पातळी खाली आणायची. एवढे जमले की आवाजाची बाजू संपली. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न मात्र कॉलर माइकमध्ये येणार नाही. शिक्षकाने तो स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगावा आणि मग उत्तर द्यावे. तसेही ते चांगल्या वर्गाचे लक्षण आहे.

वीज. यावर आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. तास रंगात आला आणि वीज गेली, तर व्हिडिओचे काय होते? साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठला तुकडा कुठे आहे याची यादी, शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच संगणक बंद पडला तर आधीची चाळीस मिनिटे डिस्कवर असूनही उघडत नाहीत. एमकेव्ही प्रकारात रेकॉर्ड केले तर वीज गेल्या क्षणापर्यंतचे सगळे शाबूत राहते. म्हणून ओबीएसमध्ये एमकेव्ही ठेवायचे आणि तास झाल्यावर 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने त्याचे एमपी४ करून घ्यायचे. त्याला मिनिटभरही लागत नाही आणि चित्राचा दर्जा तसूभर घटत नाही. २०२४ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये 'हायब्रिड एमपी४' नावाचा तिसरा मार्गही आहे. ज्या विक्रेत्याचा खोका घ्यायचा आहे त्याला एवढेच विचारा : रेकॉर्डिंग चालू असताना मी प्लग काढला तर काय उरते? आणि तो समोर असतानाच काढून बघा.

फाइलच्या आकाराचा हिशेबही कोटेशनमध्ये नसतो. ७२० आडव्या ओळींचे चित्र, सेकंदाला १,००० किलोबिट, आवाजाला १२८. या मापाने आपला ४८ मिनिटांचा तास साधारण ४०० एमबीत बसतो. फळा आणि स्लाइड बहुतेक वेळ स्थिर असतात, म्हणून एवढे पुरते. ज्या मुलाकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे आणि त्याच पॅकवर घरातल्या आणखी दोघांचे चालते, त्याला फोर-के व्हिडिओ देणे म्हणजे न देण्यासारखेच. या मापाचे सुमारे चोवीसशे तास १ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर राहतात. अशा दोन डिस्क घ्या, एक ग्रंथालयात आणि एक विभागात. मुले पेनड्राइव्ह घेऊन येतील.

इथे मुद्दा ताब्याचा येतो. आमच्याच परिसरातल्या एका महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वी अशी सिस्टिम बसवली. नाव सांगत नाही, कॉलेजचेही नाही आणि कंपनीचेही. रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर जाई आणि कंपनीच्याच प्लेअरमध्ये उघडे. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, नूतनीकरण रखडले, लॉगिन बंद झाले, आणि एका निवृत्त झालेल्या सरांचे ऑरगॅनिकचे सगळे तास त्या कुलपाआड गेले. भिंतीवरचा खोका अजून आहे, त्यावर हिरवा दिवाही लागतो. ओबीएसने केलेली फाइल ही साधी फाइल असते. ती फोनवर चालते, व्हीएलसीवर चालते, उद्या ओबीएसच नाहीसे झाले तरी चालेल.

केंद्र सरकारने २०१५ सालीच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आपल्या कार्यालयांसाठी जाहीर केले आहे, आणि बंदिस्त सॉफ्टवेअर का हवे याचे समर्थन देण्याची अपेक्षा त्यात आहे. आपल्यावर ते थेट बंधनकारक नसेल, पण हाच प्रश्न खरेदी समितीच्या इतिवृत्तात यायला काय हरकत आहे? केरळात शाळांच्या संगणकांवर उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) आधारलेली मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे चालते, त्यांची 'काइट' ही सरकारी कंपनी ती पुरवते आणि शिक्षकांना शिकवतेही. आणि आपल्या मुंबईतल्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही देतो. छोटे छोटे व्हिडिओ, बघत बघत शेजारी करून बघायचे. कॉलेजात व्हिडिओ कसा असावा यासाठीही ते बघण्यासारखे आहेत.

ओबीएसची दुखणी लपवत नाही. पहिल्यांदा उघडले की समोर रिकामी काळी खिडकी येते आणि माणूस बिचकतो. दोन ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर स्क्रीन रेकॉर्ड करायला जावे तर नुसता काळा पडदा मिळतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग' बाजूला टाकले की तो जातो, पण हे माहीत नसलेला माणूस तिथेच हात टेकतो. २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ वर ते चालत नाही, आणि आपल्या लॅबमध्ये विंडोज ७ अजून ठाण मांडून आहे. तिथे लिनक्स टाकून बघता येते. पण लिनक्सवर पडद्यावर मराठी नाव लिहायला गेलात तर तिथल्या मजकूर-सोर्समध्ये जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. मी 'प्रात्यक्षिक'ची जी अवस्था पाहिली ती इथे छापता येणार नाही. यावर तोडगा म्हणजे शीर्षक लिब्रेऑफिसमध्ये करून त्याचे चित्र टाकायचे. काटछाट ओबीएसमध्ये होत नाही, त्यासाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह लागते. वेळापत्रकाप्रमाणे आपोआप सुरू होणे, चाळीस वर्गांचे रेकॉर्डिंग एका जागी जमा होणे, हे ओबीएसचे कामच नाही. विद्यापीठाच्या आवारात ते हवे असेल तर ओपनकास्ट नावाची वेगळी मुक्त प्रणाली आहे, ती युरोपातली विद्यापीठे वापरतात, आणि ती सांभाळायला स्वतंत्र तंत्रज्ञ लागतो. पाच-दहा वर्गांच्या कॉलेजला त्यातले काही लागत नाही.

आणखी एक. सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. ओबीएसच्या नावाने शोध घेतल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतून खोट्या प्रती वाटल्या गेल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले होते. त्यातून संगणकात घुसखोरी करणारे प्रोग्राम येत होते.

पैशापलीकडचे दोन विषय आहेत आणि ते कुठलेही सॉफ्टवेअर घेतले तरी सुटत नाहीत. पहिला, मुलांचे चेहरे. कनिष्ठ महाविद्यालयातली जवळजवळ सगळी मुले १८ वर्षांखालची असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या भाषेत ती बालके आहेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची, पडताळून घेता येईल अशी संमती लागते. प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकलेली ओळ म्हणजे अशी संमती असे मानून चालू नका. त्याहून सोपे म्हणजे कॅमेरा फळ्याकडे तोंड करून बसवणे. छतावरचा मान फिरवणारा कॅमेरा नेमके उलट करतो. तो वर्ग 'कव्हर' करतो. हजेरीसाठी, शिस्तीसाठी, मास्तर वेळेवर आले का ते बघण्यासाठी त्याचा उपयोग करायचा मोह होतोच, आणि तो झाल्यावर कुठला शिक्षक मोकळेपणाने शिकवेल? मूल चुकीचे उत्तर द्यायलाही धजणार नाही.

दुसरा विषय तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचा. त्यांना तासाचे पैसे मिळतात, आणि तास एकदा रेकॉर्ड झाला की पुढच्या वर्षी तोच दाखवून त्यांना बोलावलेच नाही तर? ही भीती स्टाफरूममध्ये हळू आवाजात बोलली जाते, म्हणून इथे मोठ्याने लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सादरकर्ता' कोण याची यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, आणि त्याच ओळीत व्याख्यान देणारा. (या शेजाराची नॅकने अजून दखल घेतलेली नाही.) आपल्या सादरीकरणाचे रेकॉर्डिंग करू द्यायचे की नाही आणि ते कुठवर पोचवायचे याचा हक्क हा कायदा सादरकर्त्याला देतो. तेव्हा रेकॉर्डिंगला सुरुवात करण्याआधी शिक्षकाशी एक पानाचा लेखी करार करा. व्हिडिओ कोणाला दिसेल, किती वर्षे, नोकरी संपल्यावर काय, तो दाखवून तासिका कमी करता येणार नाही, एवढे त्यात असू द्या. कायम शिक्षकाशीही करा. करार नसेल तर रेकॉर्डिंग सक्तीचे करू नका. सक्तीचे तास कसे होतात ते आपण २०२०-२१ मध्ये बघितले आहे.

मागणी अशी आहे. येत्या खरेदीत रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवरची रक्कम काढा आणि ती प्रत्येक विभागाला दोन कॉलर माइक, एक बरा वेबकॅम, फोन अडकवायचा एक स्टँड, एक हार्ड डिस्क आणि जमल्यास अर्धा तास तग धरणारा यूपीएस यांवर खर्च करा. उरलेल्यात सुट्टीत दोन दिवसांची कार्यशाळा घ्या. तिथे पीपीटी नको, प्रत्येकाने आपल्याच वर्गात आपलाच दहा मिनिटांचा तास रेकॉर्ड करून दाखवायचा. प्रयोगशाळा परिचरांना आणि ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांना त्यात आवर्जून बसवा. आमच्याकडे ओबीएसमधले सीन सगळ्यात नीट लावतो तो आमचा प्रयोगशाळा परिचर. आणि जो शिक्षक रेकॉर्डिंग करतो त्याला वर्कलोडमध्ये त्याचा थोडा तरी वेळ धरा. तास घेणे आणि तो नीट टिपणे ही दोन कामे आहेत.

खोका घ्यायचे ठरलेच असेल, तर निविदेत दोन अटी घाला. सर्व रेकॉर्डिंग कुठल्याही साध्या प्लेअरवर उघडेल अशा फाइलमध्ये, कॉलेजच्याच डिस्कवर राहील. आणि करार संपल्यावर सगळ्या फाइल कुठलेही शुल्क न घेता परत मिळतील. या अटींवर जो विक्रेता नाक मुरडेल त्याचे कोटेशन बाजूला ठेवा, दर कितीही कमी असला तरी.

ऑडिटचा प्रश्न उरतो. फुकटच्या वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद कशी करायची, असे आमच्या लेखापालांनी मला खरोखरच विचारले होते. माइक, कॅमेरा, स्टँड, डिस्क, यूपीएस यांची नोंद नेहमीप्रमाणे करावी. सॉफ्टवेअरसमोर रक्कम शून्य लिहावी, आवृत्तीचा क्रमांक आणि उतरवून घेतल्याची तारीख टाकावी, आणि जीपीएल परवान्याची छापील प्रत फाइलला लावावी. तो परवाना काही पानांचाच आहे.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक